स्क्रीन रीडर मराठी वाचत नाही: दुरुस्त करूनही तीच तक्रार परत येत असेल तर

तक्रार साधारण अशी येते. "तुमच्या साइटवर गेलं की मोबाईल गप्पच बसतो." नाहीतर, "आकडे ऐकू येतात, पण कशाचे ते कळत नाही." आपण जातो, पान उघडतो, काहीतरी सापडतं, दुरुस्त करतो. महिना-दीड महिना बरा जातो आणि परत तोच फोन.

मी सांगलीत, विश्रामबागला बसून छोट्या संस्थांची संकेतस्थळं करतो. एखादी पतसंस्था, मार्केट यार्डातलं अडत दुकान, शाळा असं. त्यातल्या एका पतसंस्थेच्या संकेतस्थळावर ही तक्रार वर्षभरात चार वेळा आली. चौथ्या खेपेला मूळ सापडलं, ते इथं सविस्तर लिहितोय, कारण मराठी संकेतस्थळं सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण हीच असणार.

तक्रार करणारे माझे मामा. सांगलीच्याच गावभागात राहतात, एसटीत वाहक होते. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर गेली. निवृत्तीचे पैसे त्या संस्थेत ठेवलेत, तिचे सभासद आहेत. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा, फोनमधलाच स्क्रीन रीडर) लावून ते फोन करतात, बातम्या ऐकतात, भाचरांना मेसेज पाठवतात. एका रविवारी त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. ठेवींच्या व्याजदराचं पान उघडं होतं. फोन बोलत होता: "नाईन. एट पॉइंट फाईव्ह. नाईन. नाईन पॉइंट टू फाईव्ह."

"आकडे म्हणतंय नुसते," मामा म्हणाले. "एक वर्षाला किती, दोन वर्षाला किती, ज्येष्ठांना जास्त आहे का नाही, ते कुठाय रे?"

डोळ्यांना ते पान एकदम व्यवस्थित दिसत होतं. मुदत, दर, सगळं शुद्ध मराठीत.

आधी रोग कुठला ते ठरवा

लगेच कोडमध्ये शिरू नका. पान ब्राउझरमध्ये उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा आणि पानावर दिसणारा एखादा शब्द, समजा 'व्याज', मराठीत टाइप करून शोधा.

सापडला, तर मजकूर खरा आहे. बिघाड बहुतेक भाषेच्या खुणेत आहे. नाही सापडला, तर त्या शब्दावर माउस ओढून तो निवडता येतो का बघा. निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे. निवडता येत असेल तर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथं रोमन अक्षरांचा काला उमटला, की समजा जुना, बिगर-युनिकोड फॉन्ट आहे (त्याचा खुलासा पुढं येतो).

मग कानानं खात्री करा. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये तो सुरू केला, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक आवाजाला मराठी येतं. पान उघडून इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की तो वाचायला लागतो. एच दाबत गेलात तर एकेका शीर्षकावर उडी मारतो, बी दाबलंत तर बटणांवर. त्यातलं स्पीच व्ह्यूअर चालू ठेवलं तर जे बोलतो ते अक्षरांतही दिसतं. सुरुवातीला त्याचा फार उपयोग होतो. फोनवर टॉकबॅक लावून बघणार असाल तर बंद कसा करायचा ते आधी शिका: आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीनेक सेकंद दाबून धरायची. टॉकबॅक चालू झाला की एका स्पर्शानं काही उघडत नाही, फक्त वाचलं जातं. उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते. हे माहीत नसल्यानं माझ्या ओळखीचे दोन-तीन चांगले डेव्हलपर पहिल्याच दिवशी गोंधळून थांबले आणि परत त्या वाटेला गेले नाहीत. पाच मिनिटांचा सराव आहे, करा.

भाषेची खूण

मामांच्या पानावर पहिल्या वेळी हेच निघालं. पानाच्या एचटीएमएल टॅगवर लँग नावाचा गुणधर्म असतो. मराठी पानावर तिथं एम आणि आर ही दोन छोटी अक्षरं हवीत. आमच्या पानावर अमेरिकन इंग्रजीची खूण होती, म्हणून स्क्रीन रीडरनं इंग्रजी आवाज लावला. इंग्रजी आवाजापुढं देवनागरी आली की काय होतं ते कुठला आवाज आहे त्यावर ठरतं. कुणी अक्षरं सरळ गाळतो, कुणी सुटी सुटी सांगत बसतो, कुणी हिंदी वळणानं वाचतो. मामांचा आवाज गाळणारा होता. दर इंग्रजी आकड्यांत लिहिलेले, तेवढे उरले.

संकेतस्थळ दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठी डब्ल्यूसीएजी म्हणून जे जागतिक निकष आहेत, त्यांत पानाची भाषा सांगणं ही 'ए' पातळीची, म्हणजे अगदी किमान अट आहे. मराठी पानात मधेच इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या तुकड्याला इंग्रजीची खूण द्यायची, ती 'एए' पातळी.

मी खूण बदलली. मामांच्या फोनमध्ये मराठी आवाज उतरवून घेतलेला नव्हता, तो सेटिंगमधल्या 'टेक्स्ट-टू-स्पीच'मध्ये जाऊन उतरवला. पान घडाघडा वाचलं गेलं. मामा खूश, मी खूश.

सहा आठवड्यांनी परत इंग्रजी. कारण साधं होतं: मी बदल थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या तयार साच्याच्या, हेडर फाइलमध्ये केला होता, थीमचं अपडेट आलं आणि माझी ओळ पुसून गेली. वर्डप्रेस वापरत असाल तर सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा. आणि थीमनं भाषा स्वतःच्या फाइलमध्ये ठोकून बसवली असेल तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी, अपडेटनं न पुसली जाणारी आपली थीम) करून बदल तिथं करा. अपडेटनंतर पहिलं काम म्हणून ही ओळ बघायची. हा बिघाड इथं संपला, पुन्हा आला नाही.

व्याजदराच्या तक्त्याचंही तेव्हाच बघून घ्या. वरची ओळ नुसती ठळक केलेली असते, शीर्षकाची ओळ म्हणून सांगितलेली नसते. टीएच टॅग आणि त्याला स्कोप दिला की स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्यासोबत तो कुठल्या रकान्यातला आहे ते सांगू शकतो. मामांना हवं होतं ते हेच.

चित्रं, आणि चित्रांच्या मागं दडलेला फॉन्ट

तिसरी तक्रार वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीची. मामांनी ऐकवलं: "ग्राफिक. आयएमजी डॅश…" आणि पुढं तारखेचे आकडे, शेवटी "डब्ल्यूए शून्य शून्य सतरा". व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो, पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचला जाणारा) दिलेला नाही, म्हणून स्क्रीन रीडर फाइलचं नावच वाचत होता. सभासदाला सभेची तारीख कळू नये, ठराव कळू नयेत, आणि विषयपत्रिकेच्या जागी फाइलचा नंबर ऐकावा लागावा, हे मला फार लागलं.

मी ती नोटीस टाइप करून टाकली. पुढच्या महिन्यात नवीन ठेव योजनेचं पान आलं, तेही चित्र. तेव्हा मी संस्थेत जाऊन बसलो. हे खरं तर पहिल्याच वेळी करायला हवं होतं.

तिथं माहिती टाकायचं काम एका ताईंकडं आहे. वीस वर्षं मराठी टायपिंग करतायत, बोटं इतकी सराईत की पडद्याकडं बघावंही लागत नाही. त्यांनी माझ्यासमोर योजनेचा मजकूर वर्डमध्ये टाइप केला. कॉपी करून संकेतस्थळावर चिकटवला. तिथं रोमन अक्षरांची रांग उमटली. त्यांनी शांतपणे ती पुसली, वर्डच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि तो चढवला.

"असं केलं की दिसतं तरी नीट," त्या म्हणाल्या.

सगळं कोडं त्या एका वाक्यात सुटलं. त्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करत होत्या. कृतिदेव, जुनं श्रीलिपी आणि त्या पिढीतले बाकीचे फॉन्ट यांत अक्षर साठवलं जातं रोमनचं, फक्त दिसतं देवनागरीचं. कृतिदेवात 'म' म्हणजे ई, 'र' म्हणजे जे, काना म्हणजे के, 'ठ' म्हणजे कॅपिटल बी आणि दुसरी वेलांटी म्हणजे एच. 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई-जे-के-बी-एच असा आहे. ज्या यंत्रावर तो फॉन्ट आहे तिथं तो 'मराठी' दिसतो, बाकी सगळीकडं काला. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःच्या जागा आहेत, 'म' हा 'म' म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो शोधता येतो, वाचता येतो, बोलता येतो.

म्हणजे ताई चित्र टाकत होत्या ते निष्काळजीपणानं नव्हे. दुसरा मार्गच त्यांच्यासमोर नव्हता. आणि मी दर वेळी पान दुरुस्त करत होतो, जिथून पान जन्माला येतं ते टेबल तसंच होतं.

युनिकोडकडं वळायचं म्हटलं की जुन्या टायपिस्टना धास्ती वाटते, आणि ती खरी आहे. वीस वर्षांत बोटांत बसलेली रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी सोडून इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी शिकायला सांगणं म्हणजे त्यांचा वेग काढून घेणं. पण ते सांगायची गरजच नाही. रेमिंग्टन मांडणी तशीच ठेवून आत युनिकोड उमटवणारी साधनं आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम त्यातलंच. ताईंच्या यंत्रावर ते बसवलं. पहिले दोन-तीन दिवस पहिली वेलांटी आणि रफार यांनी त्रास दिला, कारण जुन्या पद्धतीत ती दिसतात त्या क्रमानं टाइप होतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात. आठवड्यात हात बसला.

जुना साठा, जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या रूपांतरकातून काढता येतो. फक्त निघालेला मजकूर डोळ्यांखालून घाला. माझ्याकडं रफार शेजारच्या अक्षरावर सरकले, 'दुसऱ्या'मधला ऱ्य मोडला, 'ॲ'च्या जागी काहीतरी भलतंच आलं. व्याजदर आणि रकमा तर दोघांनी मिळून तपासा, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवायचं.

पीडीएफचं थोडं वेगळं आहे. अहवाल प्रेसमधून येतो, तिथं अजून जुने फॉन्ट चालतात. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ तर शुद्ध फोटो. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येसुद्धा वेलांट्या आणि जोडाक्षरं कॉपी करताना विस्कटतात, मग वाचतानाही विस्कटतात. माझं मत स्पष्ट आहे: नोटीस, दरपत्रक, अर्जाच्या सूचना हे सगळं आधी पानावर मजकूर म्हणून टाका, पीडीएफ हवी त्यांच्यासाठी खाली जोडा. वर्डमधून पीडीएफ करताना 'प्रिंट' न करता 'सेव्ह ॲज' वापरा आणि रचनेच्या टॅगचा पर्याय चालू ठेवा. प्रिंट केलेल्या पीडीएफमधून शीर्षकं आणि तक्ते यांची ओळख निघून जाते. स्कॅन असेल आणि मूळ फाइल हरवली असेल तर गुगल ड्राइव्हमध्ये चढवून डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बराचसा निघतो. मग पुन्हा तेच, डोळ्यांखालून घालणं.

हे फक्त पतसंस्थेपुरतं नाही, म्हणून थोडं विषयांतर करतो. सांगलीत पावसाळ्यात प्रत्येकाचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती आहे याकडं असतं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या दिवसांत ग्रुपवर फिरणारी माहिती बहुतेक फोटोंतून यायची: टाइप केलेल्या कागदाचा फोटो, त्यात पुलापाशी पातळी, कोयनेतून किती क्युसेक सोडले, कुठले रस्ते बंद. मामा गावभागात. फोन दर मिनिटाला वाजायचा आणि म्हणायचा, "फोटो. फोटो." शेजारचं पोरगं येऊन वाचून दाखवेपर्यंत ते ताटकळत बसायचे. फोटो पाठवा, पण खाली दोन ओळी टाइप करा: किती वाजता, किती फूट, कुठलं गाव. एवढं केलं तरी पूर आलेल्या रात्री एका माणसाला स्वतःहून घर सोडायचा निर्णय घेता येतो.

बटणं, रंग आणि बाकीचं

ही दुरुस्ती चालू असताना बाकीचं जे सापडलं ते थोडक्यात. तीन आडव्या रेघांचं मेनूचं बटण, भिंगाचं चिन्ह, फोनचं चिन्ह यांना नाव दिलेलं नसतं. टॉकबॅक नुसतं "बटण" म्हणतो. संकेतस्थळावर बटणात मजकूर घाला किंवा आरिया-लेबल द्या, अँड्रॉइड ॲपमध्ये कंटेंट डिस्क्रिप्शन. नाव मराठीत आणि कामाचं द्या: 'मेनू उघडा', 'शोधा'. 'तीन रेघा' हे नाव नव्हे.

फॉर्ममध्ये रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहिलेला 'खाते क्रमांक' टाइप करायला लागलं की पुसला जातो. त्याला लेबल समजू नका, वेगळं लेबल लावा. चूक झाली की रकाना लाल होतो, पण लाल रंग ऐकू येत नाही. काय चुकलं ते शब्दांत लिहा.

एका हळद व्यापाऱ्यांना पांढऱ्यावर पिवळी अक्षरं हवी होती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान साडेचारास एक इतका फरक हवा. पांढऱ्यावर गडद पिवळा त्याच्या जवळपासही जात नाही. त्यांना उन्हात यार्डात उभं राहून फोनवर पान वाचायला दिलं. पिवळा पट्टा ठेवून त्यावर काळी अक्षरं घ्यायला ते लगेच तयार झाले.

माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबनं सगळं पान फिरून बघा. हात थरथरणाऱ्या माणसाला, एका हातानं काम करणाऱ्याला तोच रस्ता असतो. कुठं आहोत ते दाखवणारी चौकट सुंदर दिसत नाही म्हणून काढून टाकलेली असेल, तर परत आणा.

आणि कोपऱ्यात माणसाचं चिन्ह असलेलं ते रेडीमेड विजेट, "एक ओळ टाका, साइट सुगम होईल" म्हणणारं. एका ठिकाणी मी ते लावून बघितलंय. चित्रातली नोटीस चित्रच राहिली, कृतिदेव कृतिदेवच राहिला. उलट मामांच्या टॉकबॅकवर विजेटचा स्वतःचा आवाज चढायचा आणि दोन्ही मिळून काहीच कळेना. पैसे त्यात घालू नका.

संस्थेत कसं पटवायचं

व्यवस्थापक साहेबांनी विचारलं, "अंध सभासद किती असतील आपल्याकडं?" मी मामांचा फोन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नोटिशीचं पान लावलं. "ग्राफिक, आयएमजी" ऐकून ते पुढं काही बोलले नाहीत. कायदाही सांगितला: २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात सेवा देणारा सरकारी असो की खासगी, सुगमतेचे नियम पाळायचेत. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ऑनलाइन केवायसीचं, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचं होतं, ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी लवता येत नाही म्हणून पडताळणी अडत होती. कायदा सांगून काम होतं, पण फोन ऐकवून लवकर होतं, असा माझा अनुभव.

ठरलं ते एवढंच. ताईंच्या मॉनिटरला एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर तीन ओळी: युनिकोडमध्ये टाइप करा. टाकल्यावर कंट्रोल-एफनं एक शब्द शोधा. फोटो टाकलाच तर त्यातला मजकूर खाली लिहा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मामा फोनवरून सगळी पानं ऐकतात आणि काय अडलं ते मला सांगतात. त्याचं मानधन संस्था त्यांना देते; हा आग्रह मी धरला, कारण तपासणी हे काम आहे आणि ते मामांइतकं नीट मला जमत नाही.

एक अडचण अजून उभी आहे. खात्यात शिरताना येणारा वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा बाहेरच्या कंपनीच्या प्रणालीतला आहे, त्याला आवाजाचा पर्याय नाही. संस्थेच्या लेटरहेडवर दोन पत्रं गेलीत. तोवर मामांना शिल्लक विचारायला शाखेत फोन करावा लागतो.

दिवाळीनंतर संस्थेत एक नवीन मुलगा लागला. त्यानं टाकलेली पहिलीच नोटीस, सुट्ट्यांची, पुन्हा चित्र होती. घरून मोबाईलवर केलेलं, झेंडूच्या तोरणाचं, दिसायला सुरेख. मी पाहायच्या आधी ताईंनी पाहिलं. त्याच्या खुर्चीमागं उभं राहून त्यांनी त्याला पानावर 'सुट्टी' हा शब्द शोधायला लावला. सापडला नाही. त्यानं तोरण वर ठेवलं आणि खाली तारखा टाइप केल्या.